घरी किंवा सोसायटीत ईव्ही चार्जर बसवायचाय? मीटरपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत काय काय तपासायचं

गाडी बुक केली की लोक आधी विचारतात चार्जर कुठल्या कंपनीचा घेऊ, ॲप आहे का, वायफाय आहे का. खरं सांगू का, भिंतीवरचा डबा हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो कंपनीने टेस्ट करून पाठवलेला असतो. धोका असतो तो त्या डब्याच्या मागे, म्हणजे मीटर, केबल, एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग (लीक झालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी), आणि हे सगळं तुमच्याकडे येणारा वायरमन करतो आणि बऱ्याचदा गिझर किंवा एसीचं काम जसं करतो तसंच करतो. पण गिझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर चालू बंद होत राहतो, गाडी मात्र रात्री लावली की सलग सहा सहा आठ आठ तास पूर्ण करंट ओढत बसते, एक मिनिट सुद्धा थांबत नाही, आणि तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात. हा एक फरक डोक्यात ठेवला की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

नियम कुठले ते आधी थोडक्यात. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, २०१० च्या नियमांमध्ये २०१९ साली दुरुस्ती करून ईव्ही चार्जिंगचा भाग घातला गेला आणि आता २०२३ चे नवीन नियम लागू आहेत. वायरिंगसाठी आयएस (म्हणजे भारतीय मानक) ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३, आणि चार्जरसाठी आयएस १७०१७ ही मालिका. हे सगळं वाचायची गरज नाही पण काँट्रॅक्टरशी बोलताना हे नंबर माहीत असले की समोरचा माणूस जरा सरळ उत्तर देतो.

आधी गरज मोजा, मग चार्जर निवडा

रोज किती किमी जाता? समजा ४० किमी. साधारण गाडी एका युनिटला ६-७ किमी जाते, म्हणजे रोज फार तर ६-७ युनिट लागणार. गाडीबरोबर येणारा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर हे काम दोन अडीच तासात करतो, आणि रात्रभर आठ तास लावला तर २६ युनिटच्या आसपास वीज ओढतो म्हणजे दीडशे किमीच्या वर झाली. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की ज्यांचं रोजचं रनिंग ६०-७० किमीच्या आत आहे त्यांनी ७.२ किलोवॅटच्या चार्जरच्या मागे लागायची काही गरज नाही, त्याच पैशात अर्थिंग आणि लाइन चांगली करा. ज्यांचं रनिंग जास्त आहे किंवा घरात दोन ईव्ही आहेत त्यांनी ७.२ घ्या. आणि ११ किलोवॅटचा थ्री फेज चार्जर घ्यायच्या आधी गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर किती घेतो ते बघा, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या एसी चार्जिंगवर (म्हणजे घरच्या साध्या विजेवर) ७.२ च्या वर घेतच नाहीत, मग मोठा चार्जर लावून उपयोग शून्य.

मीटर आणि मंजूर लोड

बिलावर सँक्शन लोड लिहिलेला असतो, मराठीत मंजूर भार. तो बघा. मग मीटरच्या तोंडावर बघा, तिथे ५-३० ए किंवा १०-६० ए असं छापलेलं असतं. ५-३० चं मीटर असेल तर त्याच्यावर ७.२ चा चार्जर लावणं चूक आहे, कारण तो एकटाच ३१ अँपियरच्या वर जातो आणि घरातलं बाकीचं वेगळंच. साधा हिशोब करा: चार्जर ३२ अँपियर, दोन किलोवॅटचा गिझर ९, दीड टनाचा एसी ७, झाले ४८ अँपियर, आणि फ्रिज, पंप, इस्त्री अजून धरलेलंच नाही. सिंगल फेजची सर्व्हिस वायर एवढं सलग ओढायला टाकलेली नसते. अशा वेळी लोड वाढवून थ्री फेज घ्यायचं. थ्री फेज आधीपासून असेल तर चार्जर ज्या फेजवर घरातला भार सगळ्यात कमी आहे त्या फेजवर टाकायचा, क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) लावून संध्याकाळी सात-आठला मोजलं की लगेच कळतं.

महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर, अदानी जो कोणी असेल त्याच्याकडे लोडवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमात बदल केला त्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळं कनेक्शन मागता येतं, आणि नवीन कनेक्शनसाठी मेट्रो शहरात ३ दिवस, इतर नगरपालिका भागात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस अशी मुदत घातलीये. नवीन केबल किंवा नवीन डीपी (ट्रान्सफॉर्मर) टाकायची वेळ आली तर अर्थात जास्त लागतात. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला घरगुती दरच लागतो, पण गाडीमुळे युनिट वाढून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता हे लक्षात घ्या आणि वेगळ्या ईव्ही कनेक्शनचा दर स्थिर आकारासकट कागदावर मांडून बघा, काहींना वेगळं मीटर स्वस्त पडतं काहींना नाही.

स्वतंत्र लाइन, याला पर्याय नाही

चार्जिंग पॉइंटला स्वतःचा वेगळा सर्किट हवा, हे नियमातच आहे. म्हणजे पार्किंगच्या लाइटची वायर ओढून तिथे सॉकेट लावलं, किंवा पंपाच्या बोर्डातून लूप घेतला, हे चालत नाही. मीटरच्या जवळ एक छोटा डबा, त्यात डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, तिथून सलग केबल, आणि चार्जरच्या जवळ दुसरा डबा. मधे कुठेही जॉइंट नको. जॉइंट जिथे, तिथे गरम होणार.

केबलची जाडी ठरवताना दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे करंट झेपतो का आणि दुसरी म्हणजे लांबीमुळे व्होल्टेज किती पडतं. सहा एमएमची (म्हणजे सहा चौरस मिमी जाडीची) कॉपर केबल पाइपातून नेली तर ३० डिग्री तापमानाला साधारण ४० अँपियर घेते, पण आपल्याकडे नागपूर चंद्रपूर सोडा, पुण्यात सुद्धा एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४० च्या वर तापमान असतं आणि तिथे तीच केबल ३५-३६ वर येते. म्हणजे ३२ चा चार्जर अगदी काठावर. आता व्होल्टेज बघा, मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर असेल तर सहा एमएममध्ये ३२ अँपियरला नऊ व्होल्टच्या वर पडतात, म्हणजे ४ टक्के, दहा एमएम टाकली तर साडेपाच म्हणजे अडीच टक्क्याच्या आसपास. त्यामुळे ७.२ च्या चार्जरला सरळ दहा एमएम कॉपर टाका, अंतर अगदी १०-१५ मीटरच असेल आणि सावलीतून जात असेल तरच सहाचा विचार करा. ३.३ च्या चार्जरला चार एमएम पुरते, लांब असेल तर सहा. उघड्यावरून किंवा जमिनीखालून जायची असेल तर आर्मर्ड केबलच (वरून लोखंडी तारांचं कवच असलेली) हवी आणि दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारी कडी) लावून आर्मर अर्थला जोडायचा. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं म्हणून काही लोक १६ एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड सुचवतात, करंट ती घेते पण टोकाला बायमेटल लग (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडणारं टोक) दाबून बसवल्याशिवाय एमसीबीत घुसवू नका, ॲल्युमिनियम काही महिन्यात सैल पडतं आणि तिथेच जळतं.

उंच इमारतीत अजून एक बघा, वीज केबलच्या डक्टमधून पाण्याचे किंवा गॅसचे पाइप जाता कामा नयेत आणि प्रत्येक मजल्याला फायर बॅरियर हवा. केबल नेताना स्लॅब फोडला की ते भोक तसंच ठेवून काँट्रॅक्टर निघून जातो, ते अग्निरोधक सीलंटने बंद करून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरचा धूर तिथून वर चढतो.

एमसीबी

७.२ ला ४० अँपियर सी कर्व्ह (छोट्या क्षणिक झटक्याला न पडणारा प्रकार), डबल पोल. ३२ चा का नाही? कारण एमसीबी ३० डिग्रीला कॅलिब्रेट केलेला असतो, गरम डब्यात तो ३२ च्या आधीच पडतो, मग रात्री दोन वाजता चार्जिंग बंद आणि सकाळी गाडी अर्धी. पण ४० चा एमसीबी लावायचा तर केबल ४० च्या वरची हवी, म्हणून वर दहा एमएमचा आग्रह धरला. चार्जरच्या मॅन्युअलमध्ये एमसीबीची साइज दिलेली असते, तिच्या पलीकडे जायचं नाही. ३.३ च्या १६ अँपियर सॉकेटला १६ चा सी कर्व्ह. तो उन्हाळ्यात पडत असेल तर डबा सावलीत हलवा, हवेशीर करा, पण एमसीबी मोठा करत बसू नका, कारण सॉकेट १६ चंच आहे.

आरसीसीबी, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

नियम सांगतो की प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतःचं ३० मिलीअँपियरचं लिकेज संरक्षण हवं, ते किमान टाइप ए हवं, आणि न्यूट्रलसकट सगळ्या लाइव्ह वायर एकदम तुटायला हव्यात. आता दुकानात जाऊन नुसतं ३० एमएचा आरसीसीबी द्या म्हटलं की टाइप एसी हातात पडायची शक्यता खूप मोठी आहे, कारण घरांसाठी तोच खपतो. फरक ओळखायला अंगावरचं चिन्ह बघा, नुसती एक नागमोडी लाट असेल तर टाइप एसी, लाटेबरोबर अर्ध्या लाटांचं दुसरं चित्र असेल तर टाइप ए, आणि त्यात अजून सरळ रेषेचं तिसरं चिन्ह असेल तर टाइप बी.

हे एवढं महत्त्वाचं का? गाडीच्या आत एसीचं (घरच्या, दिशा बदलत राहणाऱ्या करंटचं) डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) होतं. तिथे काही बिघाड झाला तर डीसी करंट लीक होऊ शकतो, आणि हा सपाट डीसी साध्या आरसीसीबीच्या आतला कोअर संपृक्त करून टाकतो, म्हणजे आरसीसीबी आंधळा होतो, टेस्ट बटण कालपर्यंत चालत होतं तरी खऱ्या शॉकच्या वेळी पडणार नाही. म्हणून चार्जरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ६ मिलीअँपियर डीसी लिकेज डिटेक्शन आहे का ते शोधा. असेल तर बाहेर टाइप ए पुरतो. नसेल तर टाइप बी लावा, तो बराच महाग आहे पण तिथे तडजोड करू नका, किंवा मग डीसी डिटेक्शन असलेला चार्जरच निवडा, एकूण हिशोबात तेच बरं पडतं.

आणि दुसरी गोष्ट जी फार कमी लोक बघतात. बऱ्याच फ्लॅटमध्ये मेन डीबीतच (मुख्य स्विचच्या डब्यातच) पूर्ण घरासाठी एक टाइप एसी आरसीसीबी असतो. चार्जरची लाइन त्याच्या खालून काढली तर गाडीच्या डीसी लिकेजने तो मेनचा आरसीसीबी आंधळा होतो, म्हणजे बाथरूममधल्या गिझरचं संरक्षण गेलं आणि कोणाला पत्ता नाही. म्हणून चार्जरची लाइन नेहमी त्या मेन आरसीसीबीच्या आधी, मीटरजवळूनच वेगळी काढायची.

आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही, म्हणून एमसीबी वेगळा लागतोच, किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ घ्या. त्याच डब्यात टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) टाका, मान्सूनच्या आधी मराठवाडा विदर्भात ज्या विजा पडतात त्यात गाडीचा ऑनबोर्ड चार्जर गेला तर खर्च फार मोठा असतो. त्याच्या वायरी आखूड ठेवा, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत, लांब वायरीने सर्ज प्रोटेक्टरचा उपयोग निम्मा होतो. थ्री फेज घरात न्यूट्रल तुटला तर व्होल्टेज ३५०-४०० पर्यंत जाऊ शकतं, त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लावून घ्या, सर्ज प्रोटेक्टर हे काम करत नाही.

अर्थिंग

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण जीव इथे वाचतो.

चार्जर चालू होताना आधी अर्थ तपासतो, अर्थ बरोबर नसेल तर लाल लाइट लावून चार्जिंग नाकारतो. मग वायरमन येतो, बघतो, आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतो. लाइट हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. हे कधीही, कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका. कारण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फेजचा करंट गाडीच्या आतून फिरून त्याच जोडणीतून गाडीच्या बॉडीवर येईल, २३० व्होल्ट, आणि टायर रबरचे असल्याने गाडी जमिनीपासून वेगळी असते, म्हणजे करंटला जायला वाट दाराला हात लावणारा माणूसच. जोडणी कुठे झालीये त्याच्यावर आरसीसीबी पडेल की नाही ते ठरतं, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. चार्जर लाल दाखवतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, त्याला फसवायचं नसतं, अर्थ दुरुस्त करायचा असतो.

मग खड्डा करा. पाइप इलेक्ट्रोड असेल तर ४० मिमी जीआय पाइप, अडीच मीटर खोल. केमिकल अर्थिंग पण चालतं, फक्त नळी पुरेशी खोल आणि भोवती कंपाउंड नीट भरलेलं हवं. आपल्या बऱ्याच महाराष्ट्रात दीड दोन फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो, तिथे एक खड्डा पुरत नाही, दोन किंवा तीन इलेक्ट्रोड लांबीइतक्या अंतरावर टाकून एकत्र जोडावे लागतात. कोकणात गोव्यात जांभा, तो पावसाळ्यात छान रीडिंग देतो आणि एप्रिल मे मध्ये कोरडा पडला की रीडिंग कितीतरी वर जातं. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी शक्य असेल तर उन्हाळ्यात करा, तेव्हाचं रीडिंग ५ ओहमच्या आत आलं तर समाधान माना. खड्ड्यावर झाकण, आणि उन्हाळ्यात पाणी घालायची सोय ठेवा.

५ ओहम चांगला असला तरी तेवढ्यावर एमसीबी पडत नाही हे पण समजून घ्या. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपियर, ४० चा एमसीबी हा करंट तासन् तास सहन करतो, त्याला झटकन पडायला किमान २०० अँपियर लागतात. म्हणजे बॉडीवर फेज आला तरी एमसीबी शांत बसून राहील, तिथे फक्त आरसीसीबीच वाचवतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे, एक आहे म्हणून दुसरं नको असं होत नाही.

जागा, उंची आणि सॉकेट

नियमाप्रमाणे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिमी वर हवं आणि गाडी लावल्यावर तिचा चार्जिंगचा पोर्ट चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यायला हवा. जिथे पाणी भरतं तिथे ८०० वर थांबू नका, सांगली कोल्हापूरचा २०१९ चा पूर किंवा पुण्यात सिंहगड रोडला जुलै २०२४ ला जे झालं ते आठवा, जुन्या पाण्याच्या खुणेच्या वर डबा बसवा, आणि पाणी शिरायच्या आधी बंद करता येईल असा स्विच वरच्या कोरड्या जागी ठेवा. उघड्यावर डबा आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारा) किंवा त्याच्या वरचा, केबल खालून आत घ्यायची म्हणजे पाणी केबलवरून ओघळून आत जात नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. नियमात स्पष्ट मनाई आहे, ॲडॅप्टरला पण मनाई आहे आणि पोर्टेबल सॉकेटलाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर सोडून खाली स्कूटर चार्ज करणारे लोक रोज दिसतात, त्यांना प्रेमाने सांगा. १६ अँपियरचं साधं घरगुती सॉकेट सुद्धा १४-१५ अँपियर सलग आठ तास झेपायला चांगल्या कंपनीचंच हवं, पिन सैल बसत असेल तर ते लगेच बदला.

सोसायटीत

केंद्राच्या मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये (इमारत बांधणीच्या नमुना नियमांत) २०१९ च्या बदलात नवीन इमारतीतल्या पार्किंगच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय आणि लोड धरताना १.२५ चा गुणक सांगितलाय. जुन्या सोसायट्यांचं मात्र ट्रान्सफॉर्मरवर येऊन अडतं. कमिटी म्हणते वीस जणांनी ७.२ चे लावले तर १४४ किलोवॅट कुठून आणणार, आणि परवानगी नाकारते. हिशोब नीट मांडून दाखवा: वीस गाड्यांना रोजचे ६ युनिट म्हणजे १२० युनिट, ५० किलोवॅटचा लोड वाटून घेतला तर अडीच तासात संपतं काम, आणि रात्र दहा तासांची आहे. लोड मॅनेजमेंट असलेले चार्जर एकमेकांशी बोलून करंट वाटून घेतात. म्हणून प्रत्येकाने आपापल्या मीटरवरून वीस केबली ओढण्यापेक्षा सोसायटीने एक ईव्ही कनेक्शन, एक पॅनल, तिन्ही फेजवर समान वाटणी आणि प्रत्येकाला सबमीटर असं केलं तर मीटर रूमचा गुंता टळतो आणि अर्थिंगही एकदाच नीट होतं. अर्ज लेखी द्या, सोबत लोडचा तक्ता, केबलचा मार्ग दाखवणारं चित्र आणि काँट्रॅक्टरचं लायसन्स जोडा. तोंडी विनंती मीटिंगमध्ये हवेत विरते.

चालू करायच्या आधी

काम लायसन्स असलेल्या काँट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा, नुसता सही शिक्का नको, आकडे हवेत. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) इन्सुलेशन किमान १ मेगओहम, नवीन केबलला खरं तर याच्या कितीतरी वर यायला हवं. अर्थचं रीडिंग. पोलॅरिटी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल उलटे नाहीत ना. आरसीसीबी टेस्टरने ३० एमएला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का. मग गाडी लावून पूर्ण करंटवर चार्जरच्या टोकाला व्होल्टेज मोजा, मीटरजवळच्या व्होल्टेजपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर केबल बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर पुढे जाऊ नका, कारण शोधा. तासभर चार्जिंग चालल्यावर डबा बाहेरून हाताने बघा, कोमट चालतो, हात ठेवता येत नसेल तर बहुतेक एमसीबीचे स्क्रू सैल आहेत, सप्लाय बंद करून ते परत आवळायचे.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, गाडी चार्जिंगला नसताना. स्क्रू पहिल्या दोन महिन्यांनी एकदा परत आवळून घ्या आणि पहिला पावसाळा संपला की डबा उघडून आत ओल, गंज किंवा मुंग्या आहेत का ते बघून घ्या, मुंग्या खरंच शिरतात आणि काँटॅक्टरमध्ये (आतल्या करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये) अडकतात.